कमानींखालची पेठ

मराठ्यांच्या अमदानीत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारातून प्रथम कौल निघत असे. ज्या वाणी-उदम्यांनी मोकळ्या माळावर येऊन दुकाने मांडावीत अशी अपेक्षा असे, त्यांना काही साले जकात माफ होई, मोहतर्फ्यात, म्हणजे व्यवसायावरील करात, सूट मिळे, आणि पेठेची आबादानी करण्याचा भार शेटे व महाजन या वतनदारांवर सोपविला जाई. बाहेरगावचे व्यापारी समजावून आणणे, त्यांना जागा नेमून देणे, सरकारी पट्टीची वाटणी करणे, आपसांतले कज्जे मिटविणे आणि दुकानदारांची गाऱ्हाणी कमाविसदाराच्या कानी घालणे ही त्यांची कामे. त्यांच्या मोबदल्यात त्यांना हक्क आणि मानपान मिळत. इंग्रजी अंमल बसल्यावर ही वतने हळूहळू नामशेष झाली आणि त्यांचे कागद पुराभिलेखागाराच्या रुमालांत जाऊन पडले. परंतु ज्या प्रश्नावर ही वतने तोड म्हणून निर्माण झाली होती, तो प्रश्न काही नामशेष झाला नाही. दुकान दुकानदाराचे, इमारत मालकाची, रस्ता नगरपालिकेचा. मग पेठ कोणाची?

हा प्रश्न ज्या रस्त्यावर अगदी स्पष्टपणे विचारला गेला आणि ज्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न तेथल्याच व्यापाऱ्यांनी, भाडेकऱ्यांनी आणि संस्थांनी मिळून केला, तो रस्ता म्हणजे मुंबईचा दादाभाई नौरोजी मार्ग. महात्मा जोतिबा फुले मंडईपासून, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटपासून, निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरून तो हुतात्मा चौकापर्यंत जातो. लाखो माणसे रोज त्यावरून चालतात, आणि चालणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नजर दुकानांच्या पाट्यांच्या वर जात असेल. तशी ती गेली, तर मालाडच्या पिवळसर दगडात, काळ्या पाषाणात आणि पोरबंदरच्या मऊ चुनखडीत कोरलेले एक सलग शिल्पच आपल्या डोक्यावर उभे आहे हे त्यांच्या ध्यानात येईल.

मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६२ नंतर, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, पाडण्यात आला. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट हे तीन दरवाजे त्याबरोबर नाहीसे झाले, आणि पश्चिमेच्या तटाच्या रेषेला धरून जो रुंद रस्ता निघाला त्याला हॉर्नबी रोड असे नाव पडले. १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीचे ते नाव. तटाच्या आत कोंडलेला व्यापार मोकळा झाला आणि पुढच्या चाळीसएक वर्षांत या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेढ्या, विमा कंपन्यांची दफ्तरे, ग्रंथालये, पारशांची अग्यारी, नाट्यगृहे आणि विलायती मालाची भव्य दुकाने उभी राहिली. व्हाइटवे लेडलॉसारख्या दुकानांत साहेबाच्या मोज्यांपासून मडमेच्या छत्रीपर्यंत सर्व वस्तू मिळत. ज्या रस्त्यावरून विलायती माल या देशात शिरत होता, त्याला पुढे हिंदुस्थानच्या संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंचे नाव मिळावे, आणि त्याच व्हाइटवे लेडलॉच्या इमारतीत कालांतराने खादी भांडार नांदावे, यात इतिहासाने आपला न्याय आपणच केला असे मला वाटते. याच रस्त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये स्थापन केलेले सिद्धार्थ महाविद्यालय आहे. थोडे पुढे १८९८ च्या इमारतीत वाचकांची सेवा करणारे जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट हे ग्रंथालय आहे. तेव्हा ही पेठ केवळ खरेदी-विक्रीची नव्हे.

इतक्या निरनिराळ्या धन्यांनी, निरनिराळ्या वास्तुविशारदांकडून, कोणी गॉथिक तर कोणी अभिजात युरोपीय पद्धतीने बांधलेल्या या इमारती एका कुळातल्या वाटतात, याचे कारण १८९६ चा एक सरकारी नियम आहे. या रस्त्यावर बांधकाम करणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग ओवरी सोडली पाहिजे, असा तो नियम. वर कोणी घुमट चढवावा, कोणी मनोरा उभारावा, कोणी सज्जाला बिडाची नक्षी लावावी. खाली मात्र चालणाऱ्याला ऊनपावसापासून आडोसा मिळालाच पाहिजे. ज्या शहरात जून ते सप्टेंबर आकाश फाटल्यासारखे बरसते, तेथे या नियमाचे मोल सांगावयास नको. आजही भर श्रावणात या ओवऱ्यांच्या आधाराने पुष्कळसा रस्ता छत्री न उघडता चालता येतो. इमारत खाजगी आणि तिच्या पोटातून जाणारी वाट मात्र सर्वांची, अशी ही व्यवस्था होती, आणि तिच्या सौंदर्याचे मूळ या सामाईकपणात होते. तिच्या दुर्दशेचे मूळही तेथेच निघाले. वाड्यातल्या सामाईक विहिरीचे पाणी सगळे बिऱ्हाडकरू भरतात आणि गाळ काढण्याची वेळ आली की ज्याचा तो घरात शिरतो, तसे या ओवऱ्यांचे झाले.

दुर्दशेची कारणे नीट पाहिली पाहिजेत, कारण ती केवळ दुकानदाराच्या बेपर्वाईतून आलेली नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभाडे म्हणून गोठविले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकऱ्याचे रक्षण व्हावे हा हेतू रास्तच होता. परंतु दशकामागून दशके लोटली, रुपयाची किंमत उतरत गेली, आणि हमरस्त्यावरच्या प्रशस्त गाळ्याचे भाडे इतके क्षुल्लक झाले की त्या उत्पन्नात मालकाला गच्चीची गळती थांबविणेही परवडेना. पागडी देऊन आत आलेला भाडेकरू स्वतःला निम्मा मालक समजे, पण इमारतीच्या दर्शनी भागाचा खर्च आपला आहे असे तो समजत नसे. आणि कायद्याने मालक असलेला गृहस्थ ती वास्तू कधी एकदा कोसळते याची वाट पाहू लागे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, आणि बँका, सरकारी महामंडळे व एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले. त्यामुळे मोठ्या दफ्तरांची भाडी बाजारभावाला आली, पण लहान दुकानांची गोष्ट बव्हंशी जुन्या वळणावरच राहिली. अशा स्थितीत ज्याच्या अंगी इमारत सुधारण्याची ऐपत त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार त्याला उमेद नाही. हा तिढा एकेकट्या दुकानदाराने सुटण्याजोगा नव्हता.

दरम्यान दुकानांच्या पाट्या वाढत होत्या. एका कमानीपुढे जरा उभे राहून हा प्रकार पाहिला पाहिजे. दोन दगडी खांब. त्यांच्या माथ्यावर पानांची कोरीव नक्षी. तेथून उचललेली कमान आणि तिच्या शिरोभागी इतर दगडांहून किंचित पुढे आलेला मधला दगड. आता या कमानीवर एक दुकानदार पत्र्याची आडवी पाटी ठोकतो. पाटी कमानीहून रुंद, म्हणून दोन्हीकडच्या नक्षीत खिळे जातात. शेजाऱ्याची पाटी झाकली गेली म्हणून तो आपली पाटी हातभर पुढे काढतो. मग तिसरा प्लास्टिकची, आतून दिवे लावलेली पेटी आणतो, आणि तिच्यासाठी ओढलेल्या तारा कमानीच्या कडेने लोंबू लागतात. त्यांच्या जोडीला वातानुकूलन यंत्राची पेटी येते. तिच्यातून ठिबकणारे पाणी दगडावर हिरवट ओघळ उमटविते. पावसाळ्यासाठी ताडपत्री बांधली जाते आणि दिवाळीपर्यंत ती उतरत नाही. पाच-पंचवीस वर्षांत कमान दिसेनाशी होते. प्रत्येकाने आपली पाटी दिसावी म्हणून धडपड केलेली असते, आणि परिणाम असा की कोणाचीच पाटी धड वाचता येत नाही, व रस्ता आपले रूप हरवून बसतो.

१९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा-नियमावली जारी झाली. शहरातील वास्तूंची व परिसरांची श्रेणीवार यादी करून त्यांच्यातील फेरफारांना वारसा समितीच्या संमतीची अट घालणारी अशी नियमावली हिंदुस्थानात प्रथम मुंबईनेच केली, आणि दादाभाई नौरोजी मार्ग हा संपूर्ण रस्ताच तीत द्वितीय-अ श्रेणीत नोंदला गेला. हे पाऊल मोठे होते. पण यादीत नाव असणे आणि रस्त्याचे जतन होणे यांत जे अंतर असते, ते कोणत्याही सरकारी हुकमाने आपोआप ओलांडले जात नाही. नियम इमारत पाडू देत नाही. पाटी कोठे लावावी हे रोज सकाळी शटर वर करणाऱ्या माणसाच्या मनात आले पाहिजे. १९९८ च्या सुमारास वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याची इमारतवार पाहणी केली व दुकानदारांच्या हाती देता येईल अशी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. आणि रस्त्यावरील दुकानदार, रहिवासी, मालक व संस्था यांना एकत्र आणणारी ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ या कामातून उभी राहिली.

पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे: पाटी कमानीच्या पोटात, दोन खांबांच्या दरम्यान बसवावी; कोरीव काम, कणी, मधला दगड हे झाकले जाऊ नये; पाटीचे आकारमान कमानीने ठरवावे, दुकानदाराच्या हौसेने ठरवू नये. ऐकावयास हे सोपे आहे. परंतु ज्याचे पोट गिऱ्हाइकावर आहे त्याला आपली पाटी आधी लहान करावयास सांगणे, आणि तीही शेजाऱ्याने आपली लहान करण्यापूर्वी, हे महाकठीण कर्म होय. बोर्ड दिसला नाही तर गिऱ्हाईक यायचे कसे, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. त्याला खरे उत्तर एकच: सर्वांनी एकदम लहान करावी. हे उत्तर कायदा देऊ शकतो, पण सर्वजण तसे करतील अशी हमी देऊ शकत नाही. ती हमी फक्त संघटना देऊ शकते, कारण तीत बसलेली माणसे उद्याही एकमेकांच्या शेजारी दुकान मांडून बसावयाची असतात. महापालिकेचा अधिकार पाठीशी होता हे खरे. परंतु या रस्त्यावरील अनेक दुकानदारांनी आपापल्या खर्चाने पाट्या उतरवून नव्या बसविल्या, हे त्या कामाचे मर्म आहे. युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातील वारसा-संवर्धनाच्या पुरस्कारांत २००४ मध्ये या रस्त्याच्या प्रकल्पाची दखल घेतली. त्याच वर्षी या रस्त्याच्या माथ्यावरचे रेल्वे टर्मिनस जागतिक वारसास्थळ ठरले. टर्मिनसला त्याचा सरकारी धनी आहे. रस्त्याचा गौरव मात्र कित्येक किरकोळ दुकानदारांच्या संमतीने झाला, आणि म्हणूनच दोहोंपैकी मला तो अधिक दुर्मीळ वाटतो.

अशा संघटनांचा प्राण कशात आहे, याचा विचार करताना पैशाचा प्रश्न टाळून चालत नाही. कॅनडातील टोरांटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाचा एक बाजार आहे. भुयारी रेल्वे झाली, रस्त्यावरची वर्दळ जमिनीखाली गेली, शहराबाहेर मोठमोठी विक्रीसंकुले निघाली आणि जुन्या दुकानांचा गल्ला घटू लागला. तेथल्या व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये सरकारकडून अशी तजवीज करून घेतली की, ठरलेल्या हद्दीतील प्रत्येक व्यावसायिकाकडून नगरपालिकेने करासोबत एक जादा पट्टी वसूल करावी आणि ती रक्कम त्या बाजाराच्या मंडळाच्या हाती द्यावी. मंडळाने त्यातून दिवे, झाडे, बाके, स्वच्छता आणि सणासुदीची शोभा पाहावी. जगातील अशा प्रकारचे ते पहिले मंडळ होय, आणि त्याची पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तिची खुबी सक्तीत आहे. वर्गणी ऐच्छिक असली की दहा जण देतात आणि उरलेले त्यांच्या दिव्यांच्या उजेडात फुकट धंदा करतात. काही वर्षांनी ते दहाही कंटाळतात. आपल्याकडे अशी वैधानिक पट्टी रूढ नाही. आपली बाजारमंडळे वर्गणी, जाहिरात आणि दोन-चार माणसांचा उत्साह यांवर चालतात. ती माणसे थकली, वारली किंवा दुकान विकून गेली की मंडळाचे दफ्तर एखाद्या फडताळात बंद होते.

जवळच्याच काळा घोडा परिसराने निधीचा दुसरा मार्ग शोधला. तेथील काळा घोडा असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली आणि १९९९ पासून दरवर्षी कलामहोत्सव भरवू लागली. महोत्सवाच्या निमित्ताने जमणारा पैसा व लोकांचे प्रेम यांच्या बळावर या संस्थेने फोर्ट भागातील वास्तूंचे जीर्णोद्धार हाती घेतले. त्यांतील रतनसी मुळजी जेठा कारंजाची हकीकत सांगण्याजोगी आहे. कापडाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने अकाली वारलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये हे कारंजे बांधवून शहराला अर्पण केले. शंभर वर्षांनी ते धुळीने व उपेक्षेने काळवंडले. आणि एका परिसरसंस्थेने ते पुन्हा उजळविले, तेव्हा २०१८ मध्ये युनेस्कोने त्याचाही सन्मान केला. व्यापाऱ्याने पेठेला दिलेले दान पेठेनेच राखावे, हे उचित झाले. तथापि महोत्सव हे उत्पन्नाचे साधन सर्वच बाजारांना लाभणार नाही. कागदाच्या, कापडाच्या किंवा चष्म्यांच्या बाजारात नऊ दिवस गाणी-नाच भरवून वर्षभराची गटारे स्वच्छ होणार नाहीत.

आता पाट्यांच्याच प्रश्नाने नवे वळण घेतले आहे. २०२२ मध्ये राज्य शासनाने कायद्यात दुरुस्ती करून लहान-मोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी पाट्या सक्तीच्या केल्या, आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत अशी अट घातली. किरकोळ व्यापाऱ्यांच्या एका महासंघाने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांच्या आत पाट्या लावण्यास बजावले. मराठी माणूस म्हणून मला या कायद्याचा आनंद आहे. परंतु येथे व्यापारी संघटनांनी एक मोठी संधी दवडली असे माझे स्पष्ट मत आहे. लाखो पाट्या एकदमच बदलावयाच्या होत्या. खर्च तर होणारच होता. अशा वेळी प्रत्येक जुन्या पेठेच्या संघटनेने एखादा अक्षररचनाकार गाठून आपल्या कमानींना शोभेल असा नमुना सभासदांना दिला असता, तर एका वर्षात मुंबईच्या जुन्या बाजारांचा चेहरा पालटला असता. देवनागरीची शिरोरेषा कमानीच्या पोटातील आडव्या पट्टीवर किती सुरेख बसते, हे पितळी अक्षरांच्या जुन्या पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. त्याऐवजी संघटनेची शक्ती कोर्टकचेरीत खर्ची पडली, आणि मुदत सरत आली तेव्हा अनेकांनी जुन्याच पेट्यांवर घाईघाईने छापील कापड ताणून बसविले.

ओवऱ्यांतील फेरीवाल्यांविषयी लिहिल्याविना हा लेख अपुरा राहील. दुकानदारांच्या संघटनांना फेरीवाला हा सहसा शत्रू वाटतो. आणि चालण्याची वाट अडते तेथे त्यांची तक्रार खोटीही नसते, कारण १८९६ च्या नियमाने ही ओवरी चालणाऱ्यासाठी राखली, दुकानदारासाठी नव्हे आणि फेरीवाल्यासाठीही नव्हे. पण हा न्याय दोघांनाही सारखाच लागू केला पाहिजे. पायरीपुढे माल मांडणारा दुकानदार आणि खांबाला पथारी टेकणारा विक्रेता यांनी तीच वाट खाल्लेली असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती नेमण्यास सांगितले असून तीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असले पाहिजेत. त्याच समितीत व्यापारी व बाजार संघटनांनाही स्थान दिले आहे. इतकेच नव्हे, तर जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालू आहे असे नैसर्गिक बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावेत, अशी तरतूद त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. वारसा हा शब्द केवळ दगडाला लागू नाही, हे संसदेने मान्य केले आहे. जुन्या पेठांच्या संघटनांनीही ते मान्य केले पाहिजे. जुनी पुस्तके विकणारा पदपथावरील विक्रेता फोर्टच्या व्यक्तित्वाचा जितका भाग आहे, तितकीच तेथली कमानही आहे. १९४८ पासून ग्रंथप्रेमींचे तीर्थ असलेले स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा कोणती वास्तू पडली नाही, कोणत्या नियमाचा भंग झाला नाही. तरी पेठ दरिद्री झालीच.

गेल्या दशकातील भुयारी मेट्रोच्या कामात सबळ संघटनेची उणीव विशेष जाणवली. रस्ता वर्षानुवर्षे पत्र्याच्या कुंपणात राहिला, दुकानांची दारे झाकली गेली, आणि आपल्या शतकोत्तर वास्तूला हादरे बसतात म्हणून पेटिट ग्रंथालयाच्या विश्वस्तांना २०१७ मध्ये उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ज्या ग्रंथालयाच्या संवर्धनाला युनेस्कोने २०१५ मध्ये गौरविले होते, त्यानेच न्यायालयात उभे राहावे ही गोष्ट क्लेशकारक होती. संस्था सधन व जागृत होती म्हणून तिला हे जमले. शेजारच्या लहान गाळ्याच्या वतीने कोण गेले असते? ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आहे आणि हुतात्मा चौकाखालून वर येणारा प्रवासी पुन्हा पायी या कमानींकडे वळतो आहे. दुकानदारांना एवढे गिऱ्हाईक दारात आणून देणारी वेळ पुन्हा लवकर यावयाची नाही.

म्हणून राज्य शासनास आणि महापालिकेस विनंती अशी की, जुन्या बाजारपेठांच्या नोंदणीकृत मंडळांना मालमत्ता कराबरोबर वसूल होणाऱ्या अल्पशा पट्टीचा कायदेशीर आधार द्यावा. आणि त्या मंडळांत मालक, पागडीचे भाडेकरू, दुकानांतील नोकर व नोंदणीकृत पथविक्रेते या सर्वांना जागा असावी, कारण केवळ मालकांचे मंडळ पेठेचे रक्षण न करता भाव वाढविण्याच्या मागे लागेल. आणि वाचकांस सांगणे इतकेच की, या दिवाळीत आपल्या गावच्या जुन्या पेठेत खरेदीस जाल, मग ती मुंबईची असो, पुण्याची असो वा कोल्हापूरची, तेव्हा पैसे चुकते करताना दुकानदाराला विचारा, आपल्या बाजाराची संघटना आहे काय, आणि आपण तिच्या सभेला जाता काय.